समन्सवरचा ‘अरेस्ट डेट’चा रकाना

मुलाखतीला अकरा दिवस उरले असताना ते गृहस्थ ऑफिसात आले. न्यू जर्सीत घर, आयटीतली नोकरी, ग्रीन कार्ड डिसेंबर २०१९चं. सिटिझनशिपचा अर्ज, म्हणजे एन-४००, त्यांनी मे २०२५मध्ये ७१० डॉलर भरून स्वतःच ऑनलाइन केला होता. त्यात गैर काही नाही. सरळ केसला वकील लागत नाही, हे मी वकील असून सांगते. फक्त भाग ९मधल्या १५-बी प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’ निवडलं होतं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

तो प्रश्न असा: पोलीस, लष्करी किंवा इमिग्रेशन अधिकाऱ्याने तुम्हाला आजवर कधीही, कोणत्याही कारणासाठी अटक केली, साइट केलं, अडवून ठेवलं किंवा डांबलं आहे का, अथवा तुमच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला आहे का? ‘कधीही’ हा शब्द फॉर्मवर मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. आणि ‘साइट’ म्हणजे पोलिसाने खिडकीतून हातात दिलेलं तिकीट.

“ताई, तिकिटं आहेत तीन, पण किरकोळ. ग्रुपवर सगळे म्हणाले, ५०० डॉलरच्या आतलं सांगायचं नसतं.”

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्याचं मूळ फॉर्मसोबतच्या सूचनांत आहे. तिथे म्हटलंय की प्रत्यक्ष अटक झाली नसेल, दारू किंवा ड्रग्जचा संबंध नसेल आणि शिक्षा फक्त ५०० डॉलरपेक्षा कमी दंड किंवा लायसन्सवरचे पॉइंट एवढीच असेल, तर त्या ट्रॅफिक प्रकरणाचे कागद जोडायची गरज नाही. कागद जोडायची! सांगायचं नाही असं त्यात कुठेही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांनी मधला शब्द गाळला आणि आमच्याच पेशातल्या काही जणांनी तो परत घालायची तसदी घेतली नाही. ‘नाही लिहा, कोण विचारतंय’ असं सांगणारे वकील मुलाखतीच्या दिवशी खुर्चीत बसलेले नसतात.

लोकांचा गोंधळ होतो त्याला फॉर्मही जबाबदार आहेत. ग्रीन कार्डच्या जुन्या आय-४८५मध्ये याच अर्थाचा प्रश्न होता आणि त्याच्या शेवटी ‘ट्रॅफिकचे गुन्हे वगळून’ असं स्पष्ट छापलेलं होतं. या गृहस्थांनी तो २०१२मध्ये भरला होता, आणि तेव्हाचं त्यांचं ‘नाही’ बरोबरच होतं. एन-४००च्या प्रश्नात ट्रॅफिकचा उल्लेखच नाही. आणि शपथविधीच्या दिवशी भरायच्या एन-४४५वर ‘ट्रॅफिकच्या गुन्ह्यांसह’ असं लिहिलेलं आहे. खातं एकच, प्रश्न एकच, शेपट्या तीन.

तिकिटं काढून पाहिली. पार्किंगची पाच-सहा, ती मी बाजूला ठेवली. वायपरखाली खोचलेलं तिकीट गाडीला असतं, त्यात कोणी माणसाला थांबवलेलं नसतं. न्यूयॉर्कच्या कॅमेऱ्याने काढलेलं एक होतं. तिथे कॅमेऱ्याच्या तिकिटाची जबाबदारी गाडीच्या मालकावर येते, पॉइंट लागत नाहीत, दोषसिद्धीही होत नाही. विचारलं तर सांगा, म्हटलं.

उरलेल्यांपैकी दोन न्यू जर्सीची. २०२३चं गाडी चालवताना फोन हातात धरल्याचं, कलम ३९:४-९७.३, पहिल्या वेळेला दंड २०० ते ४००. त्याआधी २०२१चं स्पीडिंगचं. मर्यादेपेक्षा १९ मैल जास्त, म्हणजे चार पॉइंट. ते म्युनिसिपल कोर्टात तडजोड करून ३९:४-९७.२वर, म्हणजे ‘अनसेफ ड्रायव्हिंग’वर, आणलेलं. हे कलम म्हणजे आमच्या राज्यातली रोजची भाजी-भाकरी. पहिल्या दोन वेळा पॉइंट शून्य, मात्र दंडावर २५० डॉलरचा वेगळा सरचार्ज. दंड, सरचार्ज आणि कोर्टाचा खर्च मिळून आकडा चारशेच्या वर गेला होता. हा सरचार्ज ‘दंडात’ धरायचा की नाही, यावर मी कोणाशी वाद घालत बसत नाही. एकूण रक्कम पाचशेच्या आसपास फिरकली की कोर्टाचं सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत, जोडते.

तिसरं जुलै २०१८चं, व्हर्जिनियातलं. पुण्याहून आई-वडील आले होते, त्यांना ल्यूरेच्या गुहा दाखवायला निघाले होते. आय-८१ हायवेवर मर्यादा ७०, गाडी ८३वर. “तेरा मैल जास्त, ताई. न्यू जर्सीच्या रेकॉर्डवर दोनच पॉइंट आहेत, बघा.” ते खरंच होतं. मोटर व्हेइकलकडून मागवलेल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टवर, म्हणजे ड्रायव्हिंगच्या नोंदींच्या उताऱ्यावर, दोनच पॉइंट होते, कारण परराज्यात केलेल्या मूव्हिंग व्हायोलेशनला न्यू जर्सी सरसकट दोन पॉइंट लावते. मूळ आरोप किती गंभीर होता हे त्या दोन पॉइंटांवरून कळत नाही. रद्द झालेली तिकिटंही अ‍ॅबस्ट्रॅक्टवर दिसत नाहीत. म्हणून नुसतं अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाहून १५-बी भरू नये.

व्हर्जिनियाच्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टांची केस-माहिती ऑनलाइन मिळते. काउंटी निवडली, नाव टाकलं. आरोप: रेकलेस ड्रायव्हिंग, ८३/७०. कलम ४६.२-८६२. प्रकार: मिसडिमिनर. निकाल: गिल्टी.

व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त वेगाने गेलात, किंवा मर्यादा कितीही असो एका ठरावीक आकड्याच्या वर गेलात, की ते स्पीडिंग राहत नाही, रेकलेस ड्रायव्हिंग होतं. तो आकडा तेव्हा ८० होता. रेकलेस ड्रायव्हिंग हा क्लास १ मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी गुन्हा. कमाल शिक्षा बारा महिने कैद आणि २५०० डॉलर दंड. १ जुलै २०२०पासून तो आकडा ८५ झाला. तीच गाडी त्याच रस्त्यावर त्याच वेगाने दोन वर्षं उशिरा धरली असती, तर ते साधं स्पीडिंगचं तिकीट ठरलं असतं.

गृहस्थ कोर्टात गेलेच नव्हते. तिथल्या एका वकिलाला पैसे दिले, मिसडिमिनरला अशिलाच्या वतीने वकील उभा राहू शकतो, तसा तो राहिला. ८३चं रेकलेस साध्या स्पीडिंगवर उतरवून घेणं हे त्या भागातल्या वकिलांचं रोजचं काम. या महाशयांनी तेवढंही केलं नाही. नंतरचा त्यांचा ई-मेल एका ओळीचा: प्रकरण मिटलं, दंड २५० अधिक कोर्टाचा खर्च, नो जेल. साध्या तिकिटाच्या निरोपात जेल कुठून आलं, हे गृहस्थांना सात वर्षांत खटकलं नाही.

स्क्रीनवर त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं. ‘ऑफेन्स डेट’च्या शेजारी ‘अरेस्ट डेट’, आणि त्यात तीच जुलैची तारीख.

“अहो, पण मला अटक झालीच नव्हती! ट्रूपरने कागद दिला, मी सही केली, पाच मिनिटांत आम्ही निघालो. आई-बाबा मागे बसले होते.”

व्हर्जिनियाच्या वाहन कायद्यात मिसडिमिनरसाठी थांबवलेल्या माणसाला ‘ताब्यात असलेला’ धरूनच समन्सवर सोडण्याची तरतूद आहे, आणि कागद देणाऱ्याला कायदा ‘अटक करणारा अधिकारी’ म्हणतो. बेड्या नाहीत, ठसे नाहीत, गाडीतून उतरवलंही नाही. मग ५०० डॉलरच्या सवलतीतली ‘प्रत्यक्ष अटक’ इथे झाली की नाही? मी माझ्यापुरतं उत्तर दिलं: कागद जोडायचे. पण ‘तुम्हाला अटक झाली होती का’ असं विचारल्यावर शपथेवर काय म्हणायचं, हा प्रश्न राहिलाच.

त्यांनी सगळेच विचारतात ते विचारलं. ठसेच घेतले नव्हते, तर यांना कळणार कसं? कदाचित कळलं नसतं. पण १९८८च्या कुंगिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की लाभ मिळवण्यासाठी शपथेवर तोंडी खोटं बोललेलं असेल, तर ते महत्त्वाच्या गोष्टीबद्दल होतं की फालतू, हे पाहायचं कारण नाही; नागरिकत्वासाठीची नैतिक चारित्र्याची अट तिथेच मोडते. म्हणजे जो दंड कधीच भरून मिटला होता, त्याच्याबद्दलची थाप मात्र अर्ज बुडवायला पुरेशी ठरू शकते. नागरिकत्व काढून घेण्याच्या दिवाणी दाव्याला मुदतही नाही. याच निकालातली दुसरी बाजू आमच्या उपयोगाची होती. खोटी साक्ष म्हणजे शपथेवरची तोंडी साक्ष, आणि फॉर्मवरचं ‘नाही’ त्यांनी अजून तोंडाने उच्चारलं नव्हतं. अधिकाऱ्याने प्रश्न वाचायच्या आत दुरुस्ती सांगितली की ती आपणहून केलेली धरली जाते. अधिकाऱ्याने कागद पुढे ठेवल्यावर सांगितली, तर ती पकडल्यावरची कबुली.

अकरा दिवसांतले आठ कागदांत गेले. म्युनिसिपल कोर्टांची सर्टिफाइड डिस्पोझिशन तिकीट नंबर दिल्यावर सहज मिळाली. व्हर्जिनियाचं तसं नाही. तिथे समन्स हीच फाइल असते, आणि निकाल, दंड, न्यायाधीशांची सही हे सगळं कागदाच्या पाठीवर असतं. क्लार्कला नुसतं ‘समन्सची सर्टिफाइड कॉपी’ म्हटलं की पुढची बाजू येते, शिक्का मारलेली आणि बिनकामाची. माझ्या विनंतीत ‘दोन्ही बाजू’ अधोरेखित होतं, सोबत परतीचं एक्स्प्रेस पाकीट होतं. तरी पहिल्यांदा एकच बाजू आली. दुसऱ्यांदा फोन करून, क्लार्कबाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारून, दोन्ही मिळवल्या.

निवेदन एका पानाचं केलं. तीन नोंदी: तारीख, जागा, आरोप, निकाल, रक्कम, भरल्याची तारीख. ‘नाही’ का लिहिलं याचं एक वाक्य, त्यात ग्रुपला दोष न देता. आणि शेवटी मी नेहमी घालते ते वाक्य: मला आठवतात आणि रेकॉर्डमध्ये सापडतात ती एवढी आहेत, याखेरीज एखादं किरकोळ तिकीट असल्यास ते लपवण्याचा हेतू नाही. निवेदन आणि कागद ऑनलाइन खात्यात चढवले, छापील संच सोबत ठेवला.

आणखी एक काळजी होती. १५ ऑगस्ट २०२५ला नैतिक चारित्र्य कसं जोखायचं याबद्दल इमिग्रेशन खात्याचा नवा मेमो निघाला होता. कायदेशीर असूनही नागरी जबाबदारीला न शोभणाऱ्या वागण्याचं उदाहरण म्हणून त्यात ‘रेकलेस किंवा सवयीची’ ट्रॅफिकची उल्लंघनं आली आहेत. आणि आमच्या कागदावर तोच शब्द, आरोपाचं नाव म्हणून. अर्जाआधीच्या ज्या पाच वर्षांचं चारित्र्य तपासतात, त्यांच्या बाहेरचा हा गुन्हा होता हे खरं, पण अधिकारी त्याच्या मागे जाऊन पाहू शकतो. तोच मेमो चांगल्या बाजूही मोजायला सांगतो, म्हणून पाच वर्षांची टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, नोकरीचं पत्र, मुलांच्या शाळेतल्या स्वयंसेवेचं पत्र बरोबर घेतलं.

सप्टेंबरमध्ये मुलाखत झाली. उजवा हात वर करून शपथ झाली आणि अधिकारी बाई बसायच्या आत मी म्हणाले, भाग ९मध्ये एक दुरुस्ती आहे. अधिकारी बाईंनी निवेदन वाचलं, समन्स उलटून पाठ पाहिली. नागरिकशास्त्राचे प्रश्न झाले. नवी परीक्षा २० ऑक्टोबरपासूनच्या अर्जांना, यांचा त्याआधीचा, त्यामुळे जुनी: दहातले सहा हवेत, यांचे पहिले सहा लागोपाठ बरोबर, तिथेच थांबल्या. मग १५-बी.

“वेअर यू अरेस्टेड?”

आम्ही ठरवलं होतं ते त्यांनी सांगितलं: मला थांबवलं, समन्स दिलं, सोडलं, कोर्टाच्या नोंदीत मात्र अटकेची तारीख आहे. ना हो, ना नाही. बाईंनी बेड्यांचं विचारलं, ठशांचं विचारलं, दोन्हींना नाही. मग बराच वेळ टाइप करत राहिल्या. मिळालेल्या एन-६५२वर, म्हणजे मुलाखतीच्या निकालाच्या कागदावर, खूण ‘आत्ता निर्णय देता येत नाही’ची. पार्किंग लॉटपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तेवीस दिवसांनी मंजुरी आली. बाईंनी उत्तर कोणत्या शब्दांत नोंदवलं, ते मला दिसलेलं नाही. शपथविधीच्या आदल्या रात्री फोन आला: मुलाखतीनंतर एक स्कूल झोनच्या कॅमेऱ्याचं तिकीट आलंय, ५० डॉलर, भरलंय, एन-४४५वर काय लिहू? तिथे ‘दंड झाला का’ हा शब्द आहे आणि ट्रॅफिकसह आहे. ‘हो’ लिहा आणि पावती न्या, म्हटलं. टेबलावर पावती पाहिली आणि पुढे जाऊ दिलं.

या आठवड्यात आणखी एक व्हर्जिनियाचं समन्स टेबलावर आलंय. तेच कलम, २०१९ सालचं, वेग ८२. ऑनलाइन नोंद काढली, तर ‘अरेस्ट डेट’चा रकाना रिकामा आहे. या मुलीला मी ‘थांबवलं, समन्स दिलं, सोडलं’ एवढंच म्हणायला सांगायचं, की पुढचं अर्धं वाक्यही, हे अजून ठरत नाहीये. क्लार्ककडे दोन्ही बाजू मागितल्यात.