थकलेले भाडे

बॉस्टन, शनिवार रात्र

आज दुपारभर आमच्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एका घरात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनेच्या, हाऊस कॉर्पोरेशनची बैठक चालली आणि तीत घराखालच्या लाकडी खांबांखेरीज दुसरा विषय जवळजवळ निघालाच नाही. बॅक बे हा बॉस्टनचा भाग मुळात खाडीचा आहे. १८५० च्या दशकाच्या अखेरीस नीडहॅमहून रेल्वेने खडी आणून तिथे भर टाकायला सुरुवात झाली, आणि त्या भरावावर पुढे उभ्या राहिलेल्या विटांच्या व तपकिरी दगडांच्या घरांचे वजन खोलवर ठोकलेल्या लाकडी खांबांनी पेलले आहे. हे खांब पाण्यात बुडालेले असेपर्यंत पिढ्यानपिढ्या शाबूत राहतात. मात्र गळक्या गटारांमुळे किंवा भुयारांमुळे भूजलाची पातळी खाली गेली, की त्यांचे शेंडे उघडे पडतात, त्यांना हवा लागते आणि बुरशी आपले काम सुरू करते. कॉप्ली चौकातल्या सार्वजनिक ग्रंथालयाखालचे खांब असेच कुजू लागल्याचे १९२९ मध्ये उघडकीस आले होते. आमच्या फ्रॅटर्निटीच्या घराच्या पायाशी अभियंत्यांनी नुकताच चाचणीचा खड्डा खणला. मागच्या भिंतीखालच्या खांबांचे शेंडे मऊ झाले आहेत, असे त्यांचा अहवाल सांगतो. त्यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे तळघराची जमीन फोडून, हाताने खणत, भिंतीचा एकेक तुकडा तोलून धरत कुजलेला भाग कापायचा आणि त्याच्या जागी पोलाद व काँक्रीट बसवायचे. खर्च काही लाख डॉलरांच्या घरात जातो.

ताईला हे फोनवर सांगितले, तेव्हा तिने विचारले, “अरे, तू कधीच सोडलेल्या होस्टेलच्या पायाची काळजी तुला कशाला?” प्रश्न रास्त होता. ते होस्टेल नाही आणि एमआयटीच्या, म्हणजे आम्ही जिथे शिकलो त्या तंत्रशिक्षण संस्थेच्या, मालकीचेही नाही, हे तिला समजावताना माझीच थोडी तारांबळ उडाली. घर माजी सदस्यांनी चालवलेल्या कॉर्पोरेशनच्या नावावर असते. सध्या शिकत असलेल्या मुलांचा चॅप्टर, म्हणजे फ्रॅटर्निटीची स्थानिक शाखा, तिथे भाडेकरू म्हणून राहतो. नवे सदस्य कोण घ्यायचे, स्वयंपाकी कोण ठेवायचा, जिना कोणी झाडायचा, हे सारे ती मुलेच ठरवतात. एमआयटी १९१६ मध्ये चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिजला गेली, पण बरीच फ्रॅटर्निटी घरे बॉस्टनच्या बाजूला आहेत, त्यामुळे तिथली मुले आजही हार्वर्ड पूल ओलांडून वर्गाला जातात. (याच पुलाची लांबी १९५८ मध्ये लॅम्डा काय अल्फा या फ्रॅटर्निटीच्या मुलांनी ऑलिव्हर स्मूट या नवख्या सदस्याला आडवा पाडत पाडत मोजली आणि ती ३६४.४ स्मूट व एक कान भरली. पुढे हाच स्मूट अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा अध्यक्ष झाला, याचा आनंद मला अजूनही होतो.) थोडक्यात, आम्ही माजी सदस्य घरमालक आहोत आणि मुले आमची कुळे आहेत, फक्त या घरमालकांपैकी प्रत्येक जण कधी ना कधी इथलेच कूळ होता.

माझे आजचे म्हणणे याच शेवटच्या गोष्टीभोवती होते. आम्ही राहत होतो, तेव्हा भाडे कमी होते आणि ते कमी असल्याचा आम्हाला अभिमान होता. दर वर्षी सत्र सुरू होण्याआधीच्या ‘वर्क वीक’मध्ये आम्ही भिंती रंगवायचो, फरशा घासायचो, तुटलेल्या खुर्च्या ठोकून ठाकून सरळ करायचो, आणि घराची देखभाल झाली असे मानायचो, भिंतींमधल्या नळांकडे, छताच्या पन्हळींकडे आणि वाफेच्या बॉयलरकडे मात्र ते बंद पडल्याशिवाय कोणी पाहत नसे. चॅप्टरचा प्रत्येक खजिनदार भाडे वाढवायला कचरत असे, कारण ‘रश’च्या, म्हणजे नवे सदस्य मिळवण्याच्या, दिवसांत नव्या मुलांपुढे मांडायला स्वस्त खोलीइतकी चांगली गोष्ट दुसरी नसायची. या व्यवहारात छप्पर, नळ आणि पाया यांच्या झिजेचे पैसे कोणीच भरले नाहीत. मी गिरगावात वाढलो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवर गोठवलेली भाडी आणि त्या भाड्यांत कधीच न बसणारी चाळीची दुरुस्ती मी लहानपणापासून पाहिली आहे. तिथे निदान कायद्याचे बंधन होते. इथे भाडे आम्ही स्वखुशीने गोठवले.

त्यात २००२ सालापासून पहिल्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी संस्थेच्या आवारातच राहायचे, असा एमआयटीचा नियम लागू झाला. बॉस्टनच्या एका फ्रॅटर्निटीत १९९७ मध्ये पहिल्या वर्षाचा एक मुलगा अतिमद्यपानाने दगावला, त्यानंतर हा निर्णय झाला होता आणि माझ्या मते तो योग्यच होता. परंतु प्रत्येक खाट भरलेली असेल, या गृहीतकावर बेतलेला जमाखर्च त्यामुळे कोलमडला आणि राखीव निधीत टाकायला आधीच जे थोडे उरत होते, तेही उरेनासे झाले.

म्हणून मी बैठकीत म्हणालो, की आपण माजी सदस्यांकडे मागतो आहोत ती देणगी नाही, ते थकलेले भाडे आहे, आणि पत्रात ते तसेच लिहावे. पत्राच्या मसुद्यात जिन्यावरची गाणी, रात्रीच्या गप्पा, जन्मभराचे बंधुत्व असा मजकूर पानभर होता आणि खांबांवर जेमतेम दोन ओळी होत्या. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य यावर चांगलेच उखडले. “देणगी मागताना थकबाकीची नोटीस कोण पाठवतो?” असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या पिढीने यापूर्वी किती दिले आहे याची आठवणही करून दिली. ती आठवण खरी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल या गावी मे १९९६ मध्ये, पदवीदानाच्या दिवशी, एका फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी मृत्युमुखी पडले, त्यानंतर त्या गावाने अशा घरांत स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारी यंत्रणा, सक्तीचे केले. आमच्या घरातले स्प्रिंकलर त्या बातमीच्या धक्क्यानंतर याच ज्येष्ठांच्या पैशांतून बसले. पण आगीची बातमी होते आणि पैसे जमतात. कुजण्याची बातमी होत नाही.

शिवाय करकायदा आमच्या बाजूने नाही. हाऊस कॉर्पोरेशन ही कायद्याच्या नजरेत सामाजिक क्लब ठरते, त्यामुळे तिला दिलेल्या पैशांवर करसवलत मिळत नाही. शैक्षणिक प्रतिष्ठानाला दिलेल्या पैशांवर ती मिळते, पण तो पैसा अभ्यासिका, ग्रंथालय, संगणकाच्या तारा अशा शैक्षणिक कामांनाच लावता येतो. एमआयटीचा निवासांसाठीचा स्वतंत्र निधी दुरुस्तीला कर्ज देतो, आणि त्याचा आधार मोठा आहे, तरी कर्ज शेवटी भाड्यातूनच फेडायचे असते. परिणामी अभ्यासिकेसाठी उत्साहाने चेक येतात, कारण तिथे सवलतही मिळते आणि दारावर नावाची पितळी पाटीही लागते. तळघराखालच्या खांबाला पाटी कुठे लावणार?

बैठकीत मला खरोखर अडवले ते चॅप्टरच्या अध्यक्षाने. विशीच्या आसपासचा तो मुलगा तोवर गप्प बसून होता. भाडे दुरुस्तीच्या खऱ्या खर्चाइतके वाढवायचे ठरले, तर घरात राहणे डॉर्मपेक्षा, म्हणजे संस्थेच्या वसतिगृहापेक्षा, महाग पडेल आणि आर्थिक साहाय्यावर शिकणारी मुले आधी बाहेर पडतील, असे त्याने अत्यंत शांतपणे सांगितले. मीही साहाय्यावरच शिकलो. ज्या स्वस्त खोलीला मी आज थकबाकी म्हणतो आहे, ती मिळाली नसती तर मी त्या घरात राहूच शकलो नसतो, हे मला नाकारता येईना. तरीही माझे मत बदलले नाही. उलट आमच्या थकबाकीची वसुली आजच्या मुलांच्या भाड्यातून करणे हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय आहे, एवढे त्याच्या बोलण्याने स्पष्ट झाले.

शेवटी ठरले ते असे. खांबांचा सगळा भार माजी सदस्यांनी उचलायचा. भाडे टप्प्याटप्प्याने वाढवायचे, पण ती वाढ केवळ पुढच्या झिजेसाठी राखीव निधीत जाईल आणि कॉर्पोरेशनला ती दुसरीकडे वळवता येणार नाही. ज्यांना करसवलतीशिवाय देणे नकोसे वाटते, त्यांनी प्रतिष्ठानामार्फत गरजू मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात. ज्येष्ठांनी विरोधात मत दिले, पण जाताना त्यांनी आपला आकडा खजिनदाराच्या कानात सांगितला. ‘थकबाकी’ हा शब्द पत्रात राहणार आहे, मात्र तो दुसऱ्या परिच्छेदात घालायचा, एवढी तडजोड मी मान्य केली.

मंगळवारी शेजाऱ्यांकडे जायचे आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती सामायिक असल्यामुळे त्यांच्या संमतीशिवाय खणता येत नाही, आणि डावीकडचे घर आता फ्लॅटमध्ये विभागले गेले असल्यामुळे तिथे एकाऐवजी अनेक मालकांना भेटावे लागेल. पैसे जमवण्यापेक्षा त्या सह्या जमवण्यातच अधिक काळ जाईल, असे खजिनदाराचे म्हणणे आहे.