आधी प्रश्न ठरवूया, ट्रेनिंग मग: अन्न धोरण कक्षाच्या प्लॅनबद्दल

सध्या गोव्यातल्या एका छोट्या सरकारी कक्षाच्या क्षमतावाढीचा प्लॅन लिहायचं काम माझ्याकडे आहे. अन्न धोरणाचा कक्ष, म्हणजे रेशन, पोषण, भाजी, मासळी, शाळेतलं जेवण या सगळ्याकडे एकत्र बघून वर सल्ला देणारी पाच-सहा माणसं. आराखडा अजून चर्चेत आहे म्हणून खात्याचं नाव घेत नाही, पण विचार मांडायला काहीच हरकत नाही, उलट कोणी वाचून दोन गोष्टी सुचवल्या तर हव्याच आहेत.

सुरुवातीला जो नमुना हातात आला त्यात कॉलम होते विषय, तास, वक्ता, हॉल, चहापान. आपल्याकडे क्षमतावाढ म्हटलं की हेच डोळ्यासमोर येतं, दोन दिवस हॉल, पीपीटी, दुपारचं जेवण, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. माणसं मनापासून ऐकतात, नोट्सही काढतात, पण सोमवारी टेबलावर तीच फाईल येते आणि तिच्यावर नोटिंग काय करायचं ते कुठल्याच सेशनमध्ये आलेलं नसतं. म्हणून तो तक्ता मी बाजूला ठेवला आणि कक्षातल्या लोकांना विचारलं, की येत्या वर्षभरात तुम्हाला कशाकशावर सल्ला द्यावा लागणार आहे त्याची आधी यादी करूया. यादी झाली की कोणाला काय यायला पाहिजे ते आपसूक दिसायला लागतं.

यादी करताना लक्षात येतं की गोव्यात अन्न हा विषय किती ठिकाणी वाटला गेलाय. तांदूळ नागरी पुरवठा खात्याकडे, शेती कृषी खात्याकडे, मासळी मच्छीमारी खात्याकडे, अंगणवाडीचा आहार महिला आणि बालविकासकडे, माध्यान्ह आहार शिक्षणाकडे, भेसळ बघायची एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, आणि स्वस्त भाजीचे गाळे फलोत्पादन महामंडळाचे. प्रत्येक जण आपलं काम करतो पण एका घरातली बाई या सातही ठिकाणचं अन्न एकाच चुलीवर शिजवते, आणि तिच्या ताटात शेवटी काय पडलं हे बघणारं टेबल कुठल्याच एका खात्यात नाही. कक्ष हवा तो यासाठी.

आणि गोवा म्हणजे श्रीमंत राज्य, इथे कसली उपासमार, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे दाखवते. पाच वर्षांखालच्या मुलांत खुंटलेल्या वाढीचं प्रमाण चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, २०.१ टक्के होतं ते पाचव्या फेरीत २५.८ झालं. १५ ते ४९ वयाच्या बायकांमधला अ‍ॅनिमिया ३१.३ वरून ३९ टक्क्यांवर गेला. उत्पन्न चांगलं, रस्ते चांगले, दवाखाने जवळ, तरी हे आकडे उलट दिशेला का गेले याचं उत्तर कोणी द्यायचं? हा प्रश्न कुठल्याच खात्याच्या कामाच्या यादीत बसत नाही म्हणून तो कोणाच्याच टेबलावर नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. आपली बरीचशी भाजी बेळगावकडून चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून येते. मार्च २०२० मध्ये जनता कर्फ्यूनंतर इथे किराणा दुकानंसुद्धा बंद ठेवली गेली होती आणि दुधा-भाजीसाठी लोकांचे काय हाल झाले ते सगळ्यांना आठवत असेल. घाट चार दिवस बंद पडला तर राज्यात तांदूळ किती, पीठ किती, कुठल्या तालुक्यात आधी संपेल, हे कोणीतरी आकड्यानिशी सांगू शकलं पाहिजे, आणि ते शिकायची वेळ संकट आल्यावरची नव्हे.

आता प्लॅनमध्ये काय घातलंय ते सांगते. प्रत्येक माणसाकडे एक खरा प्रश्न, आणि तो त्याने काही महिने धरून ठेवायचा. कोर्स त्या प्रश्नाच्या मागून येणार. एकाकडे रेशनचा तांदूळ, एकाकडे शाळेतलं जेवण, एकाकडे भाव आणि पुरवठा, एकाकडे कायदा आणि तक्रारी.

शाळेतल्या जेवणाचं उदाहरण घेऊ, कारण यात शिकण्यासारखं खूप आहे. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. आपल्याकडे स्वयंसहाय्य गट जेवण पुरवतात आणि पाव-भाजी हा नेहमीचा मेनू. मग कक्षातल्या माणसाने वजनकाटा घेऊन एका शाळेत जायचं. पाव साधारण ४५ ग्रॅमचा धरला तर त्यात प्रोटीन ४ ग्रॅमच्या आसपास, दोन पावांचं झालं ८. उरलेलं ४ भाजीतून यायला पाहिजे. नियमात प्राथमिकसाठी २० ग्रॅम कडधान्य धरलंय, ते पूर्ण पडलं तर चार-पाच ग्रॅम मिळतात आणि हिशोब बसतो. पण भाजी पातळ बटाट्याची असेल आणि वाटाणे मोजून पाच-सहा असतील तर बसत नाही, आणि लहान मुलाने एकच पाव खाल्ला तर मुळीच बसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते उघडायचे, स्वतः मोजायचं, मग गटाच्या बायकांशी बसून बोलायचं की मिळणाऱ्या दरात हे जमतं का, बिलं किती दिवसांनी निघतात, गॅस सिलिंडरला किती जातात. यातून जी दोन पानांची नोट तयार होईल तिला वजन असेल, कारण लिहिणाऱ्याने ते ताट हातात धरलेलं असेल. पोषणावरचं तीन तासांचं लेक्चर हे करू शकत नाही. पणजीच्या होम सायन्स कॉलेजमधल्या प्राध्यापकांना यात बरोबर घ्यायचं असा विचार आहे, त्यांनी शिकवायचं पण शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून.

रेशनच्या तांदळाचं असंच. सत्तरी तालुक्यातल्या एका स्वस्त धान्य दुकानावर मी उभी होते तेव्हा एका वहिनींनी पिशवीतले दाणे तळहातावर घेऊन दाखवले, थोडे पिवळसर, बाकीच्यांपेक्षा वेगळे. ‘बघ गो बाय, धुताना हे वर येतात, प्लॅस्टिक घातलंय यात.’ त्या घरी बसून ते दाणे एकेक निवडून टाकत होत्या. ते दाणे म्हणजे फोर्टिफाइड तांदूळ, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात बनवलेले, साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात घालतात. म्हणजे ज्या घरात अ‍ॅनिमिया असण्याची शक्यता जास्त त्याच घरात लोहाचे दाणे वेचून फेकले जात होते. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला वरून आलेत तसे देतो. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला कोणी दोन वाक्यांत सांगितलंच नव्हतं. दाण्याचा निर्णय दिल्लीत झाला, पैसा खर्च झाला, आणि शेवटच्या काउंटरवर ती दोन वाक्यं पोचली नाहीत. कक्षाच्या माणसाला हे समजणं, आणि इन्स्पेक्टर, दुकानदार, अंगणवाडी सेविका यांच्यापर्यंत सोप्या भाषेत पोचवणं, हे मी क्षमतेत धरते. त्याच्याच जोडीला आणखी एक प्रश्न त्या माणसाकडे दिलाय, आपल्याकडच्या घरांना उकडे तांदूळ किती लागतात आणि सुरय, म्हणजे न उकडलेले, किती, तालुक्यावार. पेजेला उकडे लागतात हे इथे लहान मुलाला पण माहीत आहे, पण मागणी नोंदवताना तो आकडा कागदावर आला पाहिजे.

कायद्याचं वाचन मात्र सगळ्यांनी मिळून करायचं, आठवड्यातून एकदा, एकेक कलम. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्यावर इतकी वर्षं काम करणाऱ्यांनी पण तो सलग वाचलेला नसतो, सर्क्युलरवरूनच काम चालतं. प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला, कुटुंबामागे ३५ किलो हे सगळ्यांना तोंडपाठ. पण हक्काचं धान्य दिलं गेलं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो हे कलम ८ मध्ये आहे, कार्डावर घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख हे कलम १३ मध्ये, सोशल ऑडिट कलम २८ मध्ये. आणि गोव्यासाठी या कायद्याखाली सुमारे ५.३२ लाख लोकांची मर्यादा आहे, मग गरजू नवीन घर आत घ्यायचं तर कोणाला बाहेर काढायचं आणि कुठल्या निकषावर, हा प्रश्न येतो. असा प्रश्न क्लार्कच्या अंगावर टाकून चालत नाही, त्यावर नीट अभ्यास करून लिहिलेलं धोरण लागतं.

भाव आणि पुरवठ्यासाठी एक वर्षाचं कॅलेंडर बनवायला सांगितलंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तेव्हा मासळीचे भाव आणि ताटातलं प्रोटीन दोन्ही बदलतं. चतुर्थीच्या आधी भाजी आणि नारळ. मे महिन्यात पर्यटकांमुळे वाढलेली मागणी. हे बाजारात बसणाऱ्या कुठल्याही मावशीला माहीत असतं, फक्त सरकारी फाईलीत ते आकड्यात उतरलेलं नसतं. महामंडळाच्या गाळ्यांवरचे रोजचे दर आणि म्हापसा, फोंडा, मडगाव बाजारातले दर एका एक्सेल शीटमध्ये रोज भरायचे, एवढं साधं काम आहे, पण रोज भरायला माणूस लागतो. म्हणून बजेटमध्ये हॉटेलचा हॉल काढून तिथे एक डेटा असिस्टंट घातलाय. फायनान्सवाले याला मान्यता देतील का ही माझी मोठी चिंता आहे, कारण ट्रेनिंगच्या हेडमध्ये हॉल चालतो, माणूस चालत नाही.

एक सराव मी आग्रहाने ठेवलाय, अफवा आणि घबराटीच्या वेळचा. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात फॉर्मेलिनची, म्हणजे मासळी टिकवायला घातल्या जाणाऱ्या घातक रसायनाची, तपासणी झाली, सकाळी एक सांगितलं गेलं, नंतर वेगळं, आणि मग लोकांचा विश्वास इतका उडाला की बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली. फील्ड किटचा निकाल म्हणजे काय, लॅबचा निकाल म्हणजे काय, दोन्हींच्या मधल्या वेळेत लोकांना काय सांगायचं आणि ते कोणी सांगायचं, हे आधी बसून ठरवता येतं. कक्षाने असा प्रसंग धरून अर्ध्या दिवसात प्रेस नोट, खात्यांमधली फोनाफोनी, बाजारातली व्यवस्था असं सगळं करून बघायचं. मच्छीमार, घाऊकवाले, बाजारात बसणाऱ्या बायका, कोणाचं पोट कशावर आहे हे त्या नोटमध्ये दिसलं पाहिजे.

वेळापत्रक करताना विधानसभा अधिवेशन आधी बघायचं. ज्यांनी गोव्यात सरकारी ऑफिसात काम केलंय त्यांना माहीत आहे, अधिवेशन लागलं की एलएक्यू, म्हणजे आमदारांचे विधानसभेतले प्रश्न, यांच्याशिवाय दुसरं काही होत नाही, रात्री आठपर्यंत उत्तरं टाईप चाललेली असतात. त्या दिवसांत ट्रेनिंग ठेवणं हा माणसांवर अन्याय आहे. पण त्या एलएक्यूच म्हणजे आपल्याकडचा मोठा खजिना आहे, आमदार काय विचारतात त्यावरून लोकांचं कुठे दुखतंय ते कळतं, आणि दिलेली उत्तरं वर्षानुवर्षं फाईलीत पडून राहतात. त्या विषयावार लावून शोधता येतील अशा ठेवायच्या, हे कक्षाचं अगदी पहिलं काम ठेवलंय. त्यासाठी खर्च काही नाही.

याच्याच बरोबर जुन्या माणसांच्या डोक्यातलं कागदावर आणायचं. एका ऑफिसात एक हेडक्लार्क बाई आहेत, कुठल्या गोदामात पावसात पाणी येतं, कुठल्या गावात जून-जुलैत ट्रक जात नाही, कुठल्या वाड्यावरच्या वयस्करांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, सगळं तोंडपाठ. लवकरच रिटायर होतील. त्यांच्याजवळ बसून, चहा घेत, हळूहळू विचारून लिहून घ्यायला एक माणूस नेमलाय प्लॅनमध्ये, आणि त्यांना मानधन देऊन वक्ता म्हणून बोलवायचंय. बाहेरून तज्ज्ञ बोलवतो तेव्हा विमानाचं तिकीट देतो, मग यांना का नको?

बाकी जिथे तयार सोय आहे तिथे नवीन काही उभं करायचं नाही. ऑफिस प्रोसिजर, ई-ऑफिस, खरेदीचे नियम यासाठी केंद्र सरकारच्या आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन मंचावर कोर्स आहेत, जुन्या गोव्याला जिपार्ड ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे. तिथेच जवळ आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे, खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल बांधबंदिस्त, शेतीसाठी खारं पाणी सोसणाऱ्या भाताच्या जाती त्यांनी काढल्यात, कोरगुट या इथल्या पारंपरिक भाताबद्दलही त्यांच्याशी बोलायला हवं. राज्यातलं भाताखालचं क्षेत्र टिकवायचं की नाही हा पण अन्न धोरणाचाच प्रश्न आहे ना.

यश कसं मोजायचं यावर बरीच चर्चा झाली. फीडबॅक फॉर्मवर सगळेच ‘उत्तम’ला टिक करतात. मी म्हटलं सुरुवातीलाच प्रत्येकाला एक प्रश्न देऊन दोन पानांची नोट लिहायला सांगू, ती ठेवून देऊ, आणि वर्षानंतर तसाच दुसरा प्रश्न देऊ. आकडे कुठून आणले, पर्याय किती मांडले, खर्च धरला का, कोणाला त्रास होईल ते लिहिलं का, हे दोन्ही नोटा शेजारी ठेवून बघायचं. आणि सचिवांनी ती नोट वाचून त्यावर काही लिहिलं का, हे पण. आमच्यासारख्या बाहेरच्या लोकांचं काम वर्षानंतर कमी झालं पाहिजे असं मी प्लॅनमध्ये सरळ लिहिलंय.

सगळ्यात अडलेला मुद्दा बदलीचा. माणूस तयार होतो आणि ऑर्डर येते, पेडण्याहून काणकोण, म्हणजे राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. सहापैकी निदान दोन पदं तीन वर्षं हलवू नयेत आणि जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर काही आठवडे बसून काम नीट समजावून द्यावं अशी अट घातलीय. ती मान्य होणं पर्सोनेल खात्यावर आहे. कक्ष कोणाच्या हाताखाली ठेवायचा हेही ठरायचंय, माझं मत नियोजनाकडे किंवा मुख्य सचिवांकडे, कारण एका खात्याखाली ठेवला तर बाकीची सहा खाती त्याला आकडे देताना हात आखडता घेणार.

पुढच्या बैठकीत प्रश्नांची यादी पक्की होईल. तुम्ही रेशन दुकान चालवत असाल, माध्यान्ह आहाराच्या गटात असाल, अंगणवाडीत असाल किंवा नुसतं कार्ड घेऊन रांगेत उभे राहत असाल, तर सरकारातल्या या पाच-सहा माणसांना कुठल्या प्रश्नाचं उत्तर यायलाच हवं ते खाली लिहा. यादीत अजून जागा आहे, आणि तालुक्याचं नाव लिहायला विसरू नका.