नऊ ते बाराचा खेळ

लालबाग-परळमध्ये, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या गिरणगावात, वाढलेल्या माझ्या पिढीला सिनेमाच्या वेळा वर्तमानपत्रात शोधाव्या लागत नसत. दुपारी बाराची मॅटिनी, मग तीन, सहा आणि नऊ या वेळा सर्वांना पाठ होत्या, आणि त्यांतला नऊचा खेळ आमच्या भागात ‘शेवटचा खेळ’ किंवा नुसताच ‘नऊ ते बारा’ म्हणून ओळखला जाई. रात्रीच्या सिनेमाविषयी आज जे लिहिले जाते, त्यात तरुणपणीचा उनाडपणा आणि मित्रांची टोळी यांच्याच आठवणी फार असतात. गिरणगावातला शेवटचा खेळ मला त्याहून वेगळा आठवतो. तो कामगारांच्या दिनक्रमातून जन्माला आलेला होता, आणि चालत जाऊन चालत घरी परतणाऱ्या माणसांच्या आधारावर टिकलेला होता.

गिरणीच्या तीन पाळ्या असत. पहिली सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा आणि तिसरी बारा ते सकाळी सात. कोणत्या माणसाने कोणता खेळ पाहायचा, हे या पाळ्या ठरवीत. माझे वडील साचा खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते. त्यांची पहिली पाळी असली की ते चारच्या सुमारास घरी येत, दोन तास झोप काढत, लवकर जेवत आणि नऊच्या खेळाला जात. दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी उठायचे आहे, याची फिकीर त्यांनी कधी केली नाही. तिसऱ्या पाळीची माणसे सहाचा खेळ पाहून, घरी जेवून, थेट कामावर जात. दुसऱ्या पाळीच्या माणसाला मात्र मॅटिनीशिवाय गत्यंतर नव्हते आणि याचे त्याला मनापासून वाईट वाटे, कारण नव्या चित्रपटाची खरी चर्चा शेवटच्या खेळानंतरच होत असे.

ती चर्चा रस्त्यावर होई. रात्री बाराच्या सुमारास दुसरी पाळी सुटे, तिसरी पाळी आत जाई आणि चित्रपटगृहाचे दरवाजे उघडत. अंगावर कापसाची पिंज घेऊन बाहेर पडलेली माणसे, डबा घेऊन कामावर निघालेली माणसे आणि सिनेमा पाहून आलेली माणसे एकाच वेळी रस्त्यावर असत. चहावाला आणि अंडाभुर्जीची गाडी यांचा खरा धंदा त्या अर्ध्या तासात होई. दुसऱ्या पाळीचा माणूस सिनेमावाल्याला अडवून गोष्ट विचारी, आणि तोही खलनायकाच्या मरणापर्यंत सगळे उभ्या उभ्या सांगून टाकी. गोष्ट आधी कळली म्हणून कोणाची मजा गेली, असे मी तरी ऐकले नाही; उलट सुट्टीच्या दिवशी तोच माणूस ऐकलेला प्रसंग पडद्यावर पाहायला जाई.

शेवटच्या खेळाला गर्दी होण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोकणातून आणि घाटावरून आलेले कितीतरी कामगार बिऱ्हाड गावी ठेवून इथे गाळ्यात एकत्र राहत. एका खोलीत इतकी माणसे असत की झोपण्याच्या जागाही पाळीनुसार वाटून घ्याव्या लागत. खानावळीत जेवण झाल्यावर झोपेपर्यंतचे तास काढायचे कुठे, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. काहीजण भजनाला बसत, काहीजण व्यायामशाळेत जात, काहीजण चाळीच्या गॅलरीत पत्ते कुटत. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे असत, त्याला तीन तास पंख्याखाली स्वतःची खुर्ची मिळे. मुंबईत स्वतःची म्हणावी अशी जागा ज्याला कुठेच नव्हती, त्याला ती नंबर घातलेली खुर्ची किती मोलाची वाटत असेल, हे मला फार उशिरा उमगले.

आमच्या भागात पायी पोचता येण्यासारखी चित्रपटगृहे बरीच होती. लालबागचे ‘भारतमाता’ तर इंडिया युनायटेड मिल नंबर एकच्या आवारातच उभे आहे. गिरणी आणि सिनेमा यांचे नाते याहून उघड कुठे दिसणार? पलीकडे ‘हिंदमाता’ होते, आणि थोडे अधिक चालायची तयारी असेल तर दादरला ‘चित्रा’ आणि ‘प्लाझा’. वडिलांच्या तरुणपणी दादरहून परतताना ट्राम मिळत असे, पण 31 मार्च 1964 रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली आणि त्यानंतर रात्रीची ती वाट पायीच काढावी लागे. लोकांनी ती आनंदाने काढली. दादर ते लालबाग एवढ्या अंतरात चित्रपटातली सगळी गाणी पुन्हा एकदा म्हणून होत असत.

चित्रपटगृहाच्या आतले तंत्रही आम्हा मुलांना तोंडपाठ होते. बाल्कनीच्या मागे ऑपरेटरची केबिन असे आणि तिच्यात दोन यंत्रे. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चाले, त्यामुळे दोन रिळे जोडून एका यंत्रावर चढवली तरी वीस-बावीस मिनिटांनी दुसरे यंत्र सुरू करावेच लागे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका चमके. ती ऑपरेटरसाठी खूण होती. तो ठिपका आधी कोणाला दिसतो, यावर आमच्यात पैज लागे. प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्या जळत असत, आणि त्या झिजतील तशा एकमेकींजवळ सरकवाव्या लागत. दिवसभर उभा असलेला ऑपरेटर शेवटच्या खेळात थकलेला असे. कांड्यांमधले अंतर वाढले की पडदा पिवळट होत जाई आणि खालच्या स्टॉलमधून त्याच्या नावाने हाका सुरू होत. त्या हाकांत राग क्वचितच असे. ऑपरेटरही याच वस्तीतला, याच चाळींतला माणूस होता, आणि मध्यंतरात तो खाली चहा प्यायला आला की लोक त्याला बसायला जागा देत.

स्त्रिया तीनच्या आणि सहाच्या खेळाला अधिक येत, हे खरे आहे. गणपतीचे दहा दिवस मात्र याला अपवाद असत. रात्रभर रस्ते माणसांनी फुललेले असत, आणि आई, मावशी, शेजारच्या वहिनी मुलाबाळांसह गणपती पाहून शेवटच्या खेळाला येऊन बसत. आईने मध्यरात्री रस्त्यावर उभे राहून भजी खाल्लेली मी फक्त त्या दिवसांतच पाहिली.

हे सारे का संपले, याचे उत्तर देताना लोक दूरदर्शन, व्हिडिओ आणि मल्टिप्लेक्स यांची नावे घेतात. मुंबईत दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षे शेवटचा खेळ भरतच होता. गिरणगावापुरते माझे मत असे आहे की त्याला खरा धक्का 18 जानेवारी 1982 रोजी बसला. त्या दिवशी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. भोंगे थांबले, पगार थांबले, गाळे रिकामे झाले, माणसे गावी परतली. संपानंतर ज्यांना काम मिळाले नाही त्यांनी खोल्या विकल्या आणि ते डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे गेले. ज्याला शेवटची लोकल पकडायची आहे, तो नऊचा खेळ पाहू शकत नाही. प्रेक्षक चित्रपटगृहापासून दूर गेला; सिनेमावरचे त्याचे प्रेम तेवढेच होते.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले आणि त्यांत मल्टिप्लेक्स आली. फिनिक्स मिलच्या जागेवर आज रात्री उशिराचे खेळ नियमित होतात. तिथला पडदा आणि आवाज आमच्या काळाच्या कितीतरी पुढे आहेत, आणि मी स्वतः तिथे आनंदाने चित्रपट पाहिले आहेत. पण खेळ सुटल्यावर माणसे सरकत्या जिन्याने थेट गाड्यांच्या तळघरात उतरतात. पाहिलेल्या सिनेमाविषयी अनोळखी माणसाशी बोलायला तिथे जागाच ठेवलेली नाही, आणि ही उणीव मला खुर्च्यांच्या मऊपणाहून मोठी वाटते. दरम्यान, दादरचे ‘चित्रा’ 2019 मध्ये बंद झाले. ‘भारतमाता’ मात्र बंद पडण्याच्या अनेक वावड्यांमधून आणि वादांमधून तरले, आणि नूतनीकरणानंतर पुन्हा सुरू झाले, याचा मला फार अभिमान आहे.

मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये चांगली वेळ मिळावी म्हणून 2015 मध्ये राज्य सरकारने नियम केला, तेव्हा ‘प्राइम टाइम’ची व्याख्या अखेरीस दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ठरली. नियमामागचा हेतू योग्यच होता, पण नऊ वाजता रेषा ओढणाऱ्यांनी गिरणगावाचा विचार केला नसावा. 2016 मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा काही ठिकाणी मध्यरात्रीही खेळ लावावे लागले होते. म्हणजे रात्री मराठी चित्रपट पाहायला माणूस येत नाही, असे म्हणायला जागा नाही. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळीच्या जुन्या चाळींत आणि पुनर्विकासाच्या इमारतींत चालत येऊ शकणारी कुटुंबे अजून आहेत. ‘भारतमाता’ने दर शनिवारी नऊचा खेळ मराठी चित्रपटासाठी राखून ठेवावा आणि तिकीट त्या कुटुंबांना परवडेल असे ठेवावे, अशी माझी विनंती आहे. असा खेळ लागला तर आमच्या इमारतीतल्या मंडळींना घेऊन येण्याची जबाबदारी मी घेतो.