बुधवारचा पूर

पंधरा दिवस एक पुस्तक उशाशी आहे आणि रोज त्याच्याशी भांडून झोपतोय. 'द लाइफस्पॅन ऑफ अ फॅक्ट', २०१२ सालचं. पानाच्या मधोमध जॉन डिअगाटाचा लास व्हेगासवरचा लेख आणि भोवती, पोथीतल्या टीकेसारखी, तथ्यं तपासणाऱ्या जिम फिंगलशी त्याची हुज्जत. लेखात स्ट्रिप क्लब ३४, कागदोपत्री ३१. का? तर म्हणे वाक्यात चौतीसची लय जास्त चांगली बसते! एक मुलगा उंचावरून पडून गेला, त्याला लागले आठ सेकंद. यानं नऊ केले. तिथं मी पुस्तक मिटलं. क्लबांचं एक वेळ चालवून घेईन, पण कुणाच्या मरणातला जादा सेकंद? (वर कळलं की ती हुज्जतही दोघांनी पुस्तकासाठी वाढवून लिहिलीय. घ्या!)

तावातावानं हे सगळं आईला सांगत होतो. ती लसूण सोलत होती.

"तुझ्या त्या पुराच्या लेखासारखंच की," ती म्हणाली.

नाशिकच्या २०१६ च्या गोदावरीच्या पुरावर मी लिहिलं होतं. धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, पण नाशिककराचं माप वेगळं: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं. ते सगळं लेखात होतं. शिवाय गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार उधळलेला, आणि गढूळ पाण्यावरून कोथिंबिरीच्या हिरव्यागार जुड्या निघाल्यात वाहत. त्या जुड्यांचं फार कौतुक झालं. मीही ते घेतलं.

"त्यात काय चुकलं?"

"मंगळवार होता रे. दोन ऑगस्ट. दिव्यांची अवस."

मी कॅलेंडर काढून पाहिलं. मंगळवारच.

"चिंचेनं घासून समया पाटावर मांडल्या होत्या," आई सांगत होती, "कणकेचे दिवे उकडायला ठेवले आणि लाइट गेले. मग पूजेच्याच समईच्या उजेडात स्वयंपाक केला. तू फोन करून विचारत होतास, मारुती दिसतो का म्हणून. पुण्याहून."

पुण्याहून. हेही लेखात नव्हतं.

रात्री फाइल उघडली. 'बुधवार' खोडून 'मंगळवार' केलं, तर बाजार गेला. बाजार गेला तर जुड्या कुठून आणायच्या? समई लिहून पाहिली, छान उतरली. जुड्यांवर मात्र कर्सर तासभर लुकलुकत राहिला.

"खोडल्यास का?" सकाळी आईनं विचारलं.

"चहा टाक ना," मी म्हणालो.