मोठ्या मुलांनाही घर हवं असतं

१७ मार्च १८८४ रोजी कागलचे यशवंतराव घाटगे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, शाहू महाराज झाले, तेव्हा त्यांचं वय होतं पावणेदहा. ते दत्तकविधान वारसासाठी होतं, आजचा कायदा मुलाच्या हितासाठी आहे, तुलना तेवढ्यापुरतीच. पण दत्तक म्हणजे तान्हं बाळ, हा समज निदान आपल्या गावात तरी का असावा?

इथं इंग्लंडमध्ये मार्च २०२४ अखेर ८३ हजारांहून जास्त मुलं कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, देखभालीखाली होती. त्या वर्षात दत्तक गेली तीन हजारांच्या आत. बाकीच्यांतली बहुतेक फॉस्टर कुटुंबांत राहतात, आणि अशी कुटुंबं कमी पडतात. फॉस्टरमध्ये मूल आपल्या नावावर होत नाही. कधी चार रात्री, कधी चार वर्षं आपण ते सांभाळायचं. मोठे निर्णय कौन्सिलचे, बऱ्याचदा आईवडिलांचेही.

फॉस्टर पालक व्हायला स्वतःचं घर लागत नाही, भाड्याचं चालतं. लग्न झालेलं नसलं तरी चालतं. मुलासाठी वेगळी खोली मात्र बहुतेक ठिकाणी हवीच. पोलीस तपासणी, डॉक्टरांचा अहवाल, प्रशिक्षण, मग सोशल वर्करच्या अनेक भेटी. तुमचं बालपण, नवराबायकोची भांडणं, पैसा, सगळं विचारतात. लपवलेलं पुढं कळलं तर जास्त अडतं. मंजुरीला साधारण सहा महिने धरा.

खरी परीक्षा मूल आल्यावर. उशीखाली पाव सापडतो. ती चोरी नव्हे, जुनी भूक असते. ओरडण्याऐवजी खाऊचा एक डबा त्याच्याच खोलीत ठेवावा आणि तो रिकामा पडू देऊ नये. सोबत आलेलं मळकं पांघरूण पहिल्याच दिवशी धुवू नये, त्याला घरचा वास असतो. जन्मदात्या आईला भेटून आल्यावर मूल अंथरूण ओलं करतं, आदळआपट करतं. इथंच बरीच कुटुंबं चुकतात आणि भेटीच बंद करा म्हणतात. भेटीनं जखम उघडी पडते, पण तुटलेपणानं ती चिघळते. काय घडलं ते त्याच दिवशी तारखेनिशी लिहून सोशल वर्करला द्यावं. भेटीची वेळ किंवा जागा बदलता येते.

इथल्या मराठी घरांसाठी आणखी एक. चुलत बहिणीचा सोळाच्या आतला मुलगा २८ दिवस किंवा जास्त तुमच्याकडं राहणार असेल, तर कौन्सिलला आधी कळवणं बंधनकारक आहे. सख्ख्या मामा-मावशीला हा नियम नाही, त्यामुळं गफलत होते.

कोल्हापुरात फॉस्टर केअरसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं. मूल सोपवण्याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही हे करता येतं आणि दोन वर्षांनंतर तेच मूल दत्तक मागता येतं. आधी पाच वर्षं थांबावं लागे.

दत्तकासाठी नोंदणी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर, मग गृहभेट अहवाल, आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंतच चालते आणि रांगही तिथंच लांब. आठ ते अठरा वयोगटासाठी ती मर्यादा ११० आहे. म्हणजे नवरा ५२ चा, बायको ५० ची असली, तरी नऊ वर्षांच्या मुलासाठी त्यांना आजही अर्ज करता येतो. भावंडं एकत्र घ्यायची तयारी असेल, तर तेही नोंदणीतच सांगावं.