मळ्यातल्या समाध्या

आमच्या मळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली, घराण्याच्या समाध्या आहेत. दोन ओट्यांवर पादुका आणि चंद्र-सूर्य कोरलेले, बाकीचे नुसते घडीव दगड. अक्षर एकावरही नाही. द्राक्षाचा खुडा सुरू करायचा तर पहिला नारळ इथे फुटतो. नवी सून घरात आली की जोडीनं आधी इथे पाया पडते.

घराणं मूळचं सिन्नरकडचं, पावसावर जगणारं. दारणा धरण 1916 साली पूर्ण झालं, नांदूरमध्यमेश्वरच्या कालव्यांना पाण्याचा भरवसा आला आणि खापरपणजोबांनी गाडीत संसार घालून निफाड तालुका गाठला. बाभळी तोडून रान मोकळं केलं. विहिरीला पाणी लागायच्या आतच 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. त्या साथीत खापरपणजी गेली आणि तिच्यामागे दोन लेकरं. तिला नदीकाठी अग्नी दिला आणि मळ्यात ओटा बांधला. लेकरांना मात्र रीतीप्रमाणे तिथेच पुरलं. कडेचे ते दोन लहान दगड त्यांचे.

हे सगळं आत्याच्या तोंडून ऐकलेलं. मध्यंतरी कुणबी नोंदींसाठी गावंच्या गावं जुनी दप्तरं उघडत होती, तेव्हा आम्हीही गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, पाहिलं. मोडी जाणणाऱ्या गुरुजींनी ओळीवर बोट ठेवून वाचलं : खापरपणजोबांचं नाव, पुढे ‘बायको’, कारण ‘ताप’. खाली ‘मुलगी’, ‘मुलगा’, पुन्हा ताप. मला पुढचं काही ऐकू येईना.

त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यांकडे गाव-आडनाव सांगितलं. चोपड्यात सिन्नरपासूनची पुरुषांची नावं निघाली. तिचं तिथेही नाही. जिनं हे रान वसवताना जीव दिला, तिचं नाव एकट्या आत्याला ठाऊक. सर्वपित्रीला पान वाढताना ती ते घेते, तिच्या आईकडून आलेलं.

आता मळ्याची वाटणी होते आहे. तो कोपरा धाकट्या काकांच्या हिश्शात जातो आणि शेततळ्याला तीच जागा सोयीची, असं चुलतभावाचं म्हणणं. त्याची अडचण खरी आहे, उन्हाळ्यात बागेला पाणी पुरत नाही. तरी मी हटून बसलो. शेवटी काकाच म्हणाले, “तळं खाली सरकवा, म्हातारीला हलवू नका.” दस्तात ‘समाधीची जागा व वाट सामाईक’ असं लिहून घेतो आहोत. पाथरवटालाही सांगितलंय. आखाजीच्या आत ओट्यावर तिचं नाव कोरायचं, आणि ते आत्याच्या समोर.