तारीख, नाक आणि दोन चमचे दूध

अर्ध्या लिटरच्या पिशवीवरची तारीख वाचायची तर आधी पिशवी पुसावी लागते. वर पाण्याचे थेंब असतात, क्रेटमध्ये फुटलेल्या शेजारच्या पिशवीचं दूध असतं, आणि त्याखाली शिवणीजवळ ठिपक्याठिपक्यांत उमटलेले पुसट आकडे. ते एकदाचे लागले की घरात दोन पंथ दिसतात. एक तारखेचा: आज सतरा, पिशवीवर सोळा, म्हणजे ओता मोरीत. दुसरा नाकाचा: झाकण काढून हुंगलं, भुवई हलली नाही, म्हणजे ठेवा चहा. दोघांचंही बऱ्याचदा बरोबर निघतं, आणि चुकतं तेव्हा एकाच कारणाने चुकतं. दूध आतापर्यंत कुठे कुठे पडून होतं, हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

तारखेच्या आसपास बारीक अक्षरांत एक अट छापलेली असते: अमुक अंशांखाली ठेवा. कुठे ५ लिहिलेलं असतं, कुठे ८. तारीख या अटीला बांधलेली आहे. डेअरीत दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि लगेच ४ अंशांपर्यंत गार करतात. त्यात रोगजंतू मरतात, इतर जिवाणूंपैकीही बहुतेक मरतात. काही मात्र उरतातच. असं तापवून गार केलेलं, म्हणजे पाश्चराइज्ड, दूध निर्जंतुक नसतं. जे उरले त्यांना गारठ्यात दामटून बसवायचं, एवढाच पुढचा बेत, आणि पिशवीवरची एक-दोन दिवसांची मुदत हा त्या गारठ्याचा हिशोब आहे. गारठा मोडला की हिशोबही मोडला.

तो मोडतो बहुधा पहाटे. टेम्पोतून क्रेट उतरतात, फुटपाथवर रचले जातात, तिथून पिशव्या दाराच्या कडीला लावलेल्या कापडी पिशवीत जातात. घरातली माणसं उठतात सातला, रविवारी नऊला. जानेवारीत नाशिकला हे खपून जातं. मे महिन्यात जळगावला किंवा नागपूरला पहाटेची हवासुद्धा २८-३० अंशांची असते. एवढ्या उबेत दुधातले जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरलं तर तीन तासांत चौसष्ट पट. तारीख उद्याची असो नाहीतर परवाची, त्या पिशवीचं आयुष्य कडीवरच संपत आलेलं असतं. उलट डेअरीपासून फ्रिजपर्यंत सलग गार राहिलेली पिशवी तारीख उलटल्यावर दुसऱ्या दिवशीही उत्तम निघू शकते.

फ्रिजमध्येही जागा पाहावी लागते. दुधासाठी म्हणून दाराला खण दिलेला असतो, आणि फ्रिजमधली सगळ्यात उबदार जागा नेमकी तीच. दार दर वेळी उघडलं की बाहेरची हवा आधी तिथे लागते. पिशवी किंवा पातेलं आतल्या बाजूला, मागे, खालच्या फळीवर ठेवावं. आपला फ्रिज खरोखर किती गार आहे हे बघायचं तर पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर (ताप मोजायचा नव्हे) ठेवून रात्रभर आत ठेवायचा. सकाळी ४-५ अंश दिसले तर ठीक. ९-१० दिसले तर पिशवीवरची तारीख विसरून जावी आणि दूध त्याच दिवशी संपवावं. वीज गेली तर दार उघडायचं नाही. बंद फ्रिज चारेक तास गारवा धरून ठेवतो. मध्येच ‘दूध बरं आहे ना’ म्हणून डोकावणारा माणूसच ते नासवतो.

आता कायद्याचं थोडक्यात. पाकिटावर दोन तऱ्हेची मुदत दिसते. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ म्हणजे यानंतर वापरू नका. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव, वास, पोत आम्ही म्हणतो तसा राहील. पुढे थोडा उतरेल, पण तो पदार्थ लगेच विष होत नाही. भारतात २०२० च्या लेबलिंग नियमांनी पहिली बंधनकारक केली आणि दुसरी ऐच्छिक. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून मिठाईच्या दुकानात ट्रेमधल्या सुट्या मिठाईपुढेही मुदतीची पाटी लावणं सक्तीचं झालं, तरी पेढे घेताना ती पाटी वाचणारं गिऱ्हाईक अजून विरळाच. ब्रिटनमध्ये मॉरिसन्स या सुपरमार्केटने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं, की आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या ९० टक्के दुधावरून ‘यूज बाय’ काढून ‘बेस्ट बिफोर’ छापू, पुढचं गिऱ्हाइकाने हुंगून ठरवावं. तिथे ते शोभतं. गोठ्यापासून दुकानापर्यंत साखळी गार, हवा गार, आणि घरही बहुतेक वर्ष गारच. हाच उपाय जसाच्या तसा वैशाखातल्या अकोल्याला लावायचा म्हटलं तर धाडसच होईल.

पण हुंगणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. फ्रिजमधून काढलेल्या गार दुधाला वास कमीच येतो, चांगलाही आणि वाईटही. म्हणून चमचाभर दूध वाटीत काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवावं आणि मग वास घ्यावा. पिशवीच्या कापलेल्या कोपऱ्याचा किंवा पातेल्याच्या काठाचा वास घेऊ नये. तिथे वाळलेलं दूध आंबलेलं असतं आणि आतल्या निर्दोष दुधावर नाहक आळ येतो. शिवाय दुधातला स्निग्धांश शेजाऱ्याचा वास उचलतो. चिरलेला कांदा, फणसाचे गरे, पिकलेले पेरू यांच्या शेजारी रात्रभर उघडं राहिलेलं दूध सकाळी विचित्र लागतं, पण ते नासलेलं नसतं. खिडकीत उन्हात ठेवलेल्या काचेच्या बाटलीतल्या दुधाला जळका वास येतो तो उजेडामुळे.

नाकापेक्षा भरवशाची परीक्षा आगीची. छोट्या स्वच्छ पातेलीत दोन चमचे दूध घेऊन उकळायचं. कढल्यात नको, कारण फोडणीचा, कोकमाचा, चिंचेचा अंश त्याच्या तळाशी असतो. उकळी आल्यावर पातेली तिरकी करून कडेला बघायचं. दूध एकसंध ओघळलं तर बाकीचं तापवा. काठाला रव्यासारखी बारीक कणी चिकटली तर सगळं पातेलं गॅसवर ठेवण्यात अर्थ नाही. ताज्या दुधाची आम्लता ०.१३ ते ०.१६ टक्के असते. जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, आम्लता ०.२० च्या पुढे सरकते, आणि गार असताना साळसूदपणे एकजीव दिसणारं दूध उकळी आली की फाटतं. दूध संकलन केंद्रावर हेच काम आगीविना करतात. दूध आणि ६८ टक्क्यांचं अल्कोहोल समान घेऊन हलवतात; कणी दिसली तर कॅन परत.

मात्र ही परीक्षा आंबटपणा पकडते, आणि फ्रिजच्या काळात दूध बिघडण्याची तऱ्हाच बदलली आहे. बाहेर राहिलेलं दूध आंबतं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस पडलेलं दूध आंबतंच असं नाही. गारठ्यातही वाढणारे काही जिवाणू आहेत, ते आम्ल फारसं करत नाहीत. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश कुरतडतात. असं दूध कदाचित उकळलं तरी फाटणार नाही, पण घोटभर घेतलं तर जिभेच्या मागे कडसर लागेल, किंवा साबणासारखं, खवट. त्या जिवाणूंनी सोडलेले पाचक रस उकळीलाही पुरते मरत नाहीत, त्यामुळे ‘एकदा चांगलं उकळून घे’ हा सल्ला इथे कामाचा नाही. कडवट लागलं की विषय संपला. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा आजारी वृद्ध असतील तर चाखण्यापर्यंतही जाऊ नये. तिथे तारीखपंथीयांचंच ऐकावं.

दूध फाटलं नाही म्हणजे ताजंच, हेही खरं नाही. सुट्या दुधात आंबटपणा मारायला सोडा घालणारे महाभाग आहेत. ते दूध उकळीला टिकतं, पण चव सपक, किंचित साबणी लागते आणि विरजण लावलं तर दही लवकर धरत नाही. रतिबाच्या दुधावर तारीख नसतेच. तिथे गवळ्याच्या भांड्याची स्वच्छता आणि धार काढल्यापासून किती वेळ गेला, हीच तारीख. कच्चं दूध मात्र उकळल्याशिवाय पिऊ नये, मग ते कितीही ‘घरच्या गाईचं’ असो.

उलट बाजूने, फाटलेलं प्रत्येक दूध नासकंच असतं असंही नाही. आलं किसून थेट दुधात घातलं की आल्यातला रस दुधाची प्रथिनं तोडतो आणि ताजं दूधही फाटतं. म्हणून आलं आधी पाण्यात चांगलं उकळायचं. गुळानेही दूध फाटतं, म्हणून गुळाच्या चहात दूध शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायचं, आणि तेही गरम. गव्हाच्या खिरीतही गूळ आणि दूध एकत्र खळखळ उकळू देत नाहीत ते याचसाठी. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं दूध गवळ्याच्या कॅनमध्ये मिसळलं गेलं तर तेही आचेवर घट्ट होतं. त्यातली जास्तीची प्रथिनं उष्णतेने आळतात. निव्वळ चीक असेल तर त्याचा खरवस होतो आणि शेजारी वाटी घेऊन येतात.

तापवण्याची आपली सवय आणखी एक काम करते. गार साखळीत नीट आलेलं पाश्चराइज्ड दूध न उकळता पिता येतं, हे डेअरीवाले सांगतात ते खरं आहे. पण कडीला लटकलेल्या पिशवीच्या देशात उकळी म्हणजे जिवाणूंची संख्या पुन्हा खाली आणणं. फ्रिज नव्हते तेव्हा सकाळ-संध्याकाळ दूध तापवायचे ते त्यामुळेच. पातेलं आधी पाण्याने विसळून घ्यावं, म्हणजे तळाला कमी लागतं. उकळी आल्यावर आच मंद करून दोनेक मिनिटं ढवळावं.

खरी चूक त्यानंतर होते. उकळलेलं दूध ओट्यावर झाकून दुपारपर्यंत निवत ठेवतात. काही जिवाणूंची बीजं उकळीतूनही वाचतात आणि कोमट दुधात त्यांना रानच मोकळं मिळतं. त्यापेक्षा परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवावं, अधूनमधून ढवळावं, पाणी एकदा बदलावं. अर्ध्या-पाऊण तासात ते फ्रिजमध्ये जाण्याजोगं होतं. असं दूध दोन दिवस सहज, तिसऱ्या दिवशी दोन चमच्यांची परीक्षा घेऊन. आणि कालच्या उरलेल्या दुधात आजची पिशवी कधीही ओतू नये. सगळं दूध कालचं होतं.

लोण्यासाठी साय साठवणाऱ्या घरांत या शास्त्राचा एक नमुना रोज चालू असतो. आठ दिवस नुसती साय फ्रिजमध्ये साठवली तर ती कडवट होते, लोणी खवट निघतं. पहिल्याच दिवशी सायीत चमचाभर विरजण घातलं तर ती आंबट होत जाते, आणि त्या आंबटपणात गारठ्यातल्या कडू करणाऱ्यांचं फारसं चालत नाही. दह्याची मुदत दुधापेक्षा जास्त असते तीही याच कारणाने. दह्यावर जमलेली निवळी बिघाडाची खूण नाही. गुलाबी, हिरवट ठिपके किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र वरचा थर काढून खाली खाऊ नये, सगळंच टाकावं.

टेट्रापॅकचं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेलं असतं, म्हणून ते महिनोन्‌महिने कपाटात राहतं. खोकं फोडल्यावर ती मुदत संपली. मग फ्रिज आणि दोन-तीन दिवस. फुगलेलं खोकं किंवा फुगलेली पिशवी चाखून बघण्याची वस्तू नाही.

आणि पातेलंभर दूध गॅसवर फाटलंच तर? पाणी हिरवट, निवळ सुटलं असेल, गोळे पांढरे आणि वासाला स्वच्छ असतील, दूध आजचंच असेल, तर ते पूर्ण फाटू द्यावं. गरज पडली तर लिंबाचे चार थेंब. पंच्यात गाळून घट्ट पिळलं की लिटरभर म्हशीच्या दुधाचं दीडशे-दोनशे ग्रॅम पनीर मिळतं, किंवा शंभर ग्रॅम साखर घालून आटवलं की कलाकंदाच्या जवळ जाणारं काहीतरी. नासवणीत कणीक भिजवावी, पोळ्या मऊ होतात. विरजण मात्र अशा दुधाला लावू नये; त्यात आधीच कोण वाढलंय ते ठाऊक नसतं आणि दही तार धरतं. पाणी गढूळ राहिलं, कणी वाळूसारखी बारीक असली, कडू वास आला, तर पनीरही नाही आणि पोळ्याही नाहीत.